पडद्यावरचं 'केम छो'

लहरीपुऱ्यातल्या टीव्हीच्या दुकानात तेव्हा एक कॉम्प्युटर मांडलेला असे. मी दर शनिवारी 'बघून ठरवतो' म्हणत जायचो. घरी बायको मला मिक्सरलाही हात लावू देत नसे. तिथला विक्रेता चाळिशीतला, एकटा राहणारा. दुपारी बाजार झोपला की तो एक कळ दाबी. पडद्यावर 'केम छो' उमटे आणि तो गंभीरपणे 'मजामा' टाइप करी.

"स्वतःच शिकवायचं, स्वतःच उत्तर द्यायचं?" मी हसलो.

"कोणीतरी विचारतं ने, भाऊ."

दिवाळीत कॉम्प्युटर विकला गेला. त्यानेच त्यावर कुंकवाचा साथिया, म्हणजे आपलं स्वस्तिक, काढून दिला.

पुढच्या शनिवारी बघायला काही नव्हतं, तरी गेलो.

"केम छो?" मी विचारलं.

त्याची बोटं आधी रिकाम्या टेबलावर हलली. 'मजामा' तोंडातून जरा उशिरा आलं.