ढेपेच्या खोलीतला कॉम्प्युटर

काल म्हशीसाठी सरकीच्या ढेपेचं पोतं उघडलं, तो कुबट वास नाकात शिरला आणि काय सांगू, मला एकदम रेखाचा कॉम्प्युटर आठवला.

रेखा माझी मुलगी. घरीच लग्नपत्रिका बनवायला लागली होती. पण बैठकीत पाहुणे येतात म्हणून ह्यांनी तिचा कॉम्प्युटर ढेपेच्या खोलीत बसवलेला. त्या दिवशी तो सारखा अडकत होता. नवी रॅम टाकली तरी मेमरी अर्धीच दाखवायचा, आणि तिकडे बैठकीत डोणगावचे पाहुणे पत्रिकेसाठी खोळंबलेले. तिचं ते पहिलंच काम. हे फसलं असतं तर दुसरं कोण देणार होतं?

रेखाने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं आणि मी मागेच सरले. आत उंदराने चिंध्यांचं घर केलेलं, त्यात गुलाबी, उघडी पिल्लं वळवळत होती. रॅमच्या खाचेत मूत वाळून पिवळं झालेलं.

हे दारातूनच नाकाला गमछा लावून ओरडले, "फेकून दे वं पोरी ते डबडं!"

"उंदरं कोनं पोसले, बाबा? म्या, का तुमच्या ढेपीनं?"

तोंडाला ओढणी बांधून तिने सगळी घाण उपसली, खाच ब्रशने साफ केली, रॅम खोडरबराने घासली. मध्येच मोरीत जाऊन ओकली, पुन्हा येऊन बसली. मेमरी पूर्ण दिसली, तसा तिने कॉम्प्युटर उचलून सरळ बैठकीत नेला. पत्रिका तिथेच, पाहुण्यांसमोर झाली.

तेव्हा मला उंदरांची किळस आली होती. आता त्या पिल्लांचं काही वाटत नाही. पण दारात नाक दाबून उभे असलेले हे आठवले, की अजून घास खाली उतरत नाही.