नऊ नंबरच्या खोलीतला फोन

भुताखेतांच्या गोष्टी मी आयुष्यभर चहासोबत ऐकल्या आणि चहासोबतच पचवल्या. माझा विश्वास फक्त वायरवर… जोडलेली असेल तर आवाज जाईल, नसेल तर नाही. तर ऐका मंडळी!

शहादा. एसटी स्टँडच्या मागे एक खासगी हॉस्पिटल, दुसरा मजला, दुपारचे अडीच. सिस्टरच्या टेबलामागे नेटवर्कचा स्विच — खोल्यांतले फोन आणि सगळे कॅमेरे त्याच्यावरच. स्विच म्हणजे पोस्टमन. डेटाची फ्रेम, म्हणजे पाकीट, आलं की पत्ता बघून योग्य पोर्टला, म्हणजे वायरीच्या खाचेला, धाडायचं. पण कॅमेऱ्यांची एवढी गर्दी, की फोनवरचं बोलणं तुटायचं. फोनला आधी वाट द्यायची, कॅमेऱ्यांना मागे थांबवायचं — एवढंच माझं काम.

सोबत वायरिंगवाला सलीमभाई. त्याची अम्मी तिथेच नऊ नंबरच्या खोलीत, दोन दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेलं.

"सायेब, पहिले नऊ नंबरनं करा. अम्मी बोलस ते सिस्टरले अर्धंच ऐकू येस."

"वशिला लावतोस होय रे? चल, अम्मीला व्हीआयपी करतो!"

पोर्ट नऊला, म्हणजे अम्मीच्या खोलीच्या वायरीला, सर्वांत वरची प्रायॉरिटी दिली. आणि आमच्या धंद्यातला ठरलेला गाढवपणा केला — सेव्ह केलं नाही. तेवढ्यात लाईट गेली. जनरेटर सुरू होऊन स्विच उठला तो कोरा! मी पुन्हा टाईप करायला बसलो. सलीमभाईनं नऊ नंबरची वायर स्विचमधून उपसली, ढिला कनेक्टर कापला. त्या फोनला वीजसुद्धा त्याच वायरीतून मिळते, हे लक्षात ठेवा…

पोर्ट नऊचा दिवा लुकलुकायला लागला.

रिकामा पोर्ट! स्क्रीनवर पाहिलं — नऊचं मी अजून टाईपच केलं नव्हतं, तरी पोर्ट नऊ, प्रायॉरिटी सर्वांत वर. फ्रेम्स येतायत… अकरा… चाळीस… शंभर… आणि थेट सिस्टरच्या फोनकडे जातायत.

टेबलावरचा फोन वाजला.

वंदना सिस्टरनी उचलला. "हां, नऊ नंबर, बोला…" आणि रिसीव्हर टाकून ती पळालीच. "सलीमभाऊ, चाला! अम्मीना श्वास कोंडाई ऱ्हायना!"

खोलीत अम्मी निळी पडलेली. ऑक्सिजनची नळी कुशीखाली दबलेली. सिस्टरनी ती मोकळी केली, डॉक्टर धावत आले. सलीमभाई दाराची चौकट धरून उभा. पाच मिनिटं मी देवाचं नाव घेत होतो… मी!

हळूहळू ओठांवर रंग आला.

फोन होता पलीकडच्या खिडकीत, हात न पोचणारा. स्क्रीन काळी ठार.

"अम्मी, येळवर फोन कया तुम्ही!" सिस्टर म्हणाली.

"मैंने?" अम्मी पुटपुटली. "मेरी तो आवाजच नहीं निकल री थी, बेटी… किसने बताया तुमको?"



नंतर स्विच मी उघडून पाहिला, प्रत्येक पोर्ट तपासला. कुठेही दोष नाही. स्पष्टीकरण आजही नाही, आणि तुमच्याकडे असेल तर खुशाल सांगा. सलीमभाईनं हा विषय कधीच काढला नाही. अम्मी मात्र भेटली की मलाच विचारते, कोन था वो? आणि एरवी ज्याचं तोंड मिटत नाही, तो मी… खाली बघतो.