गिटारीचा जास्तीचा हात

मी मिरजेत सतारींच्या कारखान्यात पॉलिशचं काम करते. परवा तिथे दुरुस्तीला एक जुनी विलायती गिटार आली. तिच्या मानेशेजारी आणखी एक जाडसर, वाकडा हात होता आणि त्यावर सहा जास्तीच्या तारा होत्या. त्यांच्याखाली सूर बदलायला बोटं दाबायचे पडदे नव्हते.

आमचे मुख्य कारागीर रमजानचाचा म्हणाले, "सतारीसारख्या न छेडता घुमणाऱ्या तारा, तरफा असत्या, तर मुख्य तारांच्या खाली असत्या. हे कुणीतरी मागाहून चिकटवलंय. कापून टाकू."

मला ते पटेना, पण चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. भोपळा निवडताना मारतात तशी मी त्या हातावर टिचकी मारली. आत घुमलं. गिटारीच्या पोटावर मारली, तर तिथेही तसंच घुमलं.

"चाचा, हा पोकळ आहे. पोटातूनच निघालाय."

चाचांनी बॅटरी लावून आत पाहिलं आणि ते हसले. "घ्या! आता तू तारा चढव, मी पॉलिश करतो."

पडद्याविना तारेला एकच सूर. तेवढ्यासाठी कुणीतरी लाकूड वाकवून, पोखरून तिला केवढी जागा करून दिली होती! एवढं कौतुक एका सुराचं कोण करतं? मला त्या माणसाला बघावंसं वाटलं.

काल तारा चढल्या. चाचा म्हणाले, "पहिली तार तूच छेड." सगळे बघत होते. मी डोळे मिटून सर्वांत जाड तार छेडली, आणि भिंतीवर टांगलेल्या सतारींच्या तरफा आपोआप झणझणल्या.