बोटांची हजेरी

फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनवर भिलाईला परत आलो, तेव्हा सगळ्यांनी एक गोष्ट धरूनच ठेवली होती, की हा आता आवाजाला दचकणार. स्टील प्लांटचा भोंगा वाजला, दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला, की शेजारी आधी माझ्याकडे बघत. मला आवाजाचं काही नाही. माझी पंचाईत संध्याकाळी होते, उन्हं उतरली आणि घर शांत झालं की.

एका शोरूमच्या गेटवर मी सिक्युरिटीला लागलो. हिरवी वर्दी गेली, निळी आली. सलाम तोच, फक्त आता कारवाल्यांना. घरी आलो की पायरीवर बसायचं, बूट-मोजे काढायचे आणि पाय पुढे करून बसून राहायचं. बायकोने काही दिवस पाहिलं, मग विचारलं, "कोणाची वाट पाहून राहिले जी?" मी म्हणालो, हवा खातोय. मे महिन्यात भिलाईत कसली आलीय हवा! पण तिने पुढे विचारलं नाही.

मी माझ्या बडीची वाट पाहत होतो. वर बर्फातल्या चौकीत दोघादोघांची जोडी लावून देतात, ते एकमेकांचे बडी. तुझा जीव त्याच्या हवाली, त्याचा तुझ्या. रोज संध्याकाळी स्टोव्हजवळ बूट काढायचे आणि पाय तपासायचे, पण आपले नाही, जोडीदाराचे. स्वतःच्या पायांबद्दल माणूस स्वतःलाच फसवतो, म्हणून ही रीत. एकेक बोट चिमटीत धरून दाबायचं आणि विचारायचं. माझा बडी साताऱ्याकडचा. माझ्या 'मले-तुले'ची यथेच्छ टर उडवायचा आणि मग खाली मान घालून एकेका बोटाची हजेरी घ्यायचा, "हाय का रं?" दुखलं की आम्ही दोघे खूश. दुखायचं थांबलं की बोट मेलं.

एका दुपारी मी तापाने पडलो होतो, म्हणून तो दुसऱ्याच्या जोडीने रॉकेल आणायला खाली उतरला. वरून बर्फाचा कडा सुटला आणि दोघे त्याखाली गेले. मला तंबूत काही ऐकूसुद्धा आलं नाही.

माझ्या डाव्या पायाची करंगळी त्या हिवाळ्यापासून बधिर आहे. सुई टोचली तरी कळत नाही. पण संध्याकाळी पायरीवर बसलो की तीच करंगळी कोणीतरी चिमटीत धरतं. मी वेडा नाही. मला त्याची भीती वाटते, आणि ज्या दिवशी ते होत नाही त्या दिवशी जास्त वाटते. घरात हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्याच मे महिन्यात फरशी पुसताना बायकोला पिवळट डाग दिसले, बाबांच्या पलंगापासून मोरीपर्यंत. माझे वडील ब्लास्ट फर्नेसवर उभं आयुष्य काढून रिटायर झालेले, आणि त्यांना शुगर. भर दुपारी ते अनवाणी गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या वड्या उलथत. सुनेने चप्पल पुढे केली की म्हणत, "भट्टीवाल्याचे पाय होत हे. उन्हानं काय होते याले?" पाय पोळत नाहीत, याचा त्यांना अभिमान होता. डाग पाहिल्यावर मला ते वाक्य आठवलं आणि मी तसाच त्यांच्या पलंगाशी गेलो.

पाय दाखवा म्हटलं, तर पाय पलंगाखाली घेतले. आमच्या घरात बाबांचा कायदा असा, की कोणी कोणाच्या पायाला हात लावायचा नाही. नवी सून वाकली तर तिलाही त्यांनी उभं केलं होतं, जयभीम म्हण आणि ताठ राहा म्हणाले होते. या कायद्यामुळे मी कधी त्यांच्या पायांकडे नीट पाहिलंच नव्हतं. मी समजावलं, विनवलं, आणि शेवटी माझं डोकं सटकलं. परेडच्या आवाजात ओरडलो, "पाँव आगे!" बाबा दचकले आणि त्यांनी पाय पुढे केला. तळव्याचा फोड फुटला होता आणि अंगठा काळा पडला होता.

शेजारच्या पद्मनाभपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, अंगठा जाणारच. काळं वर चढलं तर पाऊल कापावं लागेल, म्हणून रोज बघत राहा.

अंगठा गेला. त्यानंतर रोज संध्याकाळी बाबांचा पाय मी मांडीवर घ्यायचो. पहिल्या दिवशी त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मी जखम पुसायचो, उरलेली बोटं एकेक करून दाबायचो, आणि तोंडातून आपोआप निघायचं, "हाय का रं?" बापाला 'रं' म्हणतोय, हेही ध्यानात यायचं नाही. बाबा म्हणायचे, "नाही." पुढचं बोट. "नाही." पावसाळा असाच गेला. काळं मात्र वर चढलं नाही, आणि पाऊल वाचल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी दवाखान्याबाहेर येऊन रडलो.

त्या संध्याकाळी पट्टी बांधून मी उठायला लागलो, तर बाबा म्हणाले, "बस. आता तुये मोजे काढ."

मी नको म्हणालो. ते वाट पाहत राहिले. मग मी मोजे काढले आणि त्यांनी माझा डावा पाय मांडीवर ओढून घेतला. सळ्या धरून राठ झालेली त्यांची बोटं. एकेक बोट दाबत ते विचारत गेले, माझ्याकडूनच ऐकून ऐकून पाठ झालेलं, तसंच्या तसं, "हाय का रं?" करंगळी आली. त्यांनी दाबली, मला दिसत होतं. मला काहीच कळलं नाही. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, त्या माणसाबद्दल, स्टोव्हबद्दल, त्या दुपारबद्दल.

बाबा पाय धरून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तो सापडला, तवा त्याचे पाय कोणी पाहिले?"

"कोणी नाही, बाबा," मी म्हणालो. "बूट गोठले होते, निघालेच नाहीत."

त्यांनी माझा दुसरा पाय मांडीवर घेतला.