खलनायकाला बोलू द्यायचं

बोरीला आमच्या घरी पेपर यायचा तो परभणीहून येणाऱ्या एसटीनं, दुपार कलल्यावर. वडिलांचे बाजारभाव वाचून झाले की तो माझ्या हाती पडायचा. मी तेव्हा सातवीत होते. आतल्या पानावर तळाशी तीन चौकटींची चित्रकथा असायची, तिच्यावर माझा जीव. तिच्यातली गुप्तहेर बाई पँट घालायची, जीप चालवायची आणि चोरांच्या अड्ड्यात एकटी शिरायची.

ती मी आत्याला वाचून दाखवायचे. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्यानं दुसरी बायको आणली, तशी ती एक पिशवी घेऊन माहेरी निघून आली होती. तिला अक्षरओळख नव्हती, पण त्या कथेची रीत तिनं माझ्याआधी ओळखली. तिसऱ्या चौकटीत बाईवर संकट येणार, दुसऱ्या दिवशी पहिल्याच चौकटीत ती त्यातून निसटणार. ती रडणार नाही. आणि खलनायक पिस्तूल रोखूनही गोळी झाडणार नाही, आधी आपला सगळा बेत तोंडानं सांगत बसणार.

"हा इतकं कामून बोलतो गं?" मी एकदा विचारलं.

"त्याला वाटतं, बाईला काय कळतंय," आत्या शेंगा फोडता फोडता म्हणाली. "म्हणून बोलतो. आन् ती ऐकून घेती."

एक रीत मात्र तिला खपत नव्हती. शेवटी दर वेळी इन्स्पेक्टर यायचा, बेड्या ठोकायचा आणि शाबासकी घ्यायचा. "सगळं हिनं केलं, मंग हा कशाला मधी?" तेव्हापासून वाचताना मी इन्स्पेक्टरला गाळून टाकायचे. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद व्हायचे, तेव्हा एसट्या थांबायच्या, पेपर यायचा नाही, तेव्हा पुढचं मी माझ्या मनानं रचायचे. माझ्या कथेत बेड्या बाईच ठोकायची.

चुलत्यांनी ते ऐकलं. चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "हितं इन्स्पेक्टर हाय की. खोटं वाचायला कुणी शिकवलं तुला?"

"मला असंच आवडतं," मी म्हणाले.

त्यांनी वडिलांना सांगून माझा पेपर बंद केला. मग मी स्टँडवरच्या हॉटेलात जाऊन उभ्यानं वाचू लागले. पोरींनी तिथं जायचं नसतं, हे मला ठाऊक होतं.

कापूस फुटायच्या सुमारास आत्याचा नवरा आला. सोबत त्याचा थोरला भाऊ आणि त्यांच्या गावची जाणती माणसं. ओसरीवर सतरंजी पडली, आमची भावकीही जमली. आत्याला आतच बसायला सांगितलं होतं. झालं गेलं विसरा, बाईची जागा नवऱ्याच्या घरी, असं बोलणं चाललं. वडील मान हलवत होते. चुलते तर आत येऊन तिची पिशवी भरायला सांगून गेले.

आत्या उठली आणि ओसरीवर येऊन उभी राहिली. शांतपणे नवऱ्याला म्हणाली, "मला न्यायचं आत्ताच कामून सुचलं?"

"घर तुझंच हाय," तो हसून म्हणाला.

"आन् तिला चालंल का मी आलेली?"

"तिला काय विचारायचं? ती पोटुशी हाय. तिच्यानं वाकणं होईना."

आत्या ऐकून घेत राहिली. तो भरात आला होता. "सगळा कापूस फुटून पडायलाय. बाया लय मजुरी मागायल्यात. घरची बाई असताना बाहेरच्यांना कामून द्यायची? वेचणी उरकू दे, मंग ऱ्हायचं तर ऱ्हा, न्हाई तर ये माघारी."

भावानं त्याचं कोपर दाबलं, पण उशीर झाला होता. ओसरीवर कोणी कोणाकडं बघेना.

आत्या वडिलांकडं वळली. "ऐकलं दादा? मी न्हाई जाणार. धरून गाडीत बसवलं तरी उतरीन."

वडील सतरंजीवरून उठले. मग पाहुण्यांना म्हणाले, "चहा घ्या आन् निघा."

चहा न घेताच ते गेले. भावकीनं आत्याला नावं ठेवली. लग्नाकार्यात तिला मागं बसवायचे, ती उठून पुढं बसायची. पुढच्या साली तिनं वडिलांकडून ओढ्याकाठचा तुकडा स्वतः कसायला मागून घेतला. त्यातला पहिला कापूस जिंतूरच्या खरेदी केंद्रावर न्यायची वेळ आली, तेव्हा चुलते आडवे आले. "बाई कापूस घेऊन गेली, असं आपल्यात कधी झालं न्हाई."

"मंग आज होईल," आत्या म्हणाली आणि कापसानं भरलेल्या बैलगाडीवर चढली. मला तिनं हात देऊन वर ओढून घेतलं.