पुन्हा बूट करा

आबा, म्हणजे माझे वडील, मराठीचे शिक्षक होते. निवृत्त झाले तरी शब्दाचा अर्थ कळल्याशिवाय हात हलवायचा नाही, ही सवय काही सुटली नाही.

धाकट्या बहिणीच्या लेकीचं परदेशात बारसं होतं. ते लॅपटॉपवर बघायला मी धुळ्याला आणि आई-आबा चोपड्याला बसलो होतो. आईने गल्लीतल्या बायकाही बोलावल्या होत्या. बाळाला पाळण्यात घालणार, तेवढ्यात चोपड्याचं मशीन अडकलं. मी मोबाइल लावला.

"आबा, पुन्हा बूट करा."

"बूट?"

"बंद करून चालू करा. कडेचं बटण दाबून धरा."

"ते कळलं. पण बूट का म्हणतात?"

मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. एकाही विद्यार्थ्याने आजवर हे विचारलेलं नाही.

"आधी दाबा, मग सांगते."

"आधी सांग."

दात-ओठ खात मी सांगितलं, "उंच बुटाला मागे एक पट्टा असतो, पाय घालताना ओढायला. तोच ओढून स्वतःला जमिनीवरून उचलायचं, अशी इंग्रजांची एक थट्टा आहे. बंद मशीनचंही तसंच. प्रोग्राम आत आणायला आधी प्रोग्रामच लागतो. म्हणून एक चिमुकला प्रोग्राम जागा होतो आणि मोठ्याला आत ओढतो. झालं? दाबा आता!"

आबा विचारात पडले. "पण चिमुकला आधीपासून आतच होता ना? मग स्वतःला कुठे उचललं? शब्द चुकलाय."

"आबा, शब्द मी ठेवलेला नाही!" मी ओरडलेच. इकडे माझ्या पडद्यावर बाळाने टाहो फोडला होता, आणि बहिणीचा नवरा घड्याळाकडे बघत होता.

तेवढ्यात आईचा आवाज आला. "हाईच बटन शे ना?"

"अगं, मी बोलतोय!"

"तुम्ही बोला. मी दाबस."

मशीन सावकाश उठलं. तोवर आबा बायकांना बुटाचा पट्टा समजावत होते. चित्र आलं तेव्हा नाव कानात सांगून झालं होतं आणि बाळ झोपलं होतं. बहीण रुसलीच. तरी आईसाठी तिने नाव पुन्हा मोठ्याने सांगितलं. बायकांनी झोपल्या बाळाला पाळणा म्हटला. आईने डोळे पुसले.

"छान," आबा म्हणाले. "अर्थ काय त्याचा?"

नाव नेटवरून निवडलेलं होतं. बहिणीने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने तिच्याकडे. मी माझा माइक बंद केला.