निळी काच काढली, केळी पांढरी झाली

मंडळी, जमलं! फोटो समोर ठेवूनच हे टाइप करतोय.

गेल्या रविवारी मी दादाचा जुना डिजिटल कॅमेरा उघडला. आत सेन्सरसमोर एक निळसर काच असते. ती काढली की डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही फोटोत येतो. मी काढली, आणि सगळेच फोटो धूसर येऊ लागले.

दादा म्हणाला, "आठवड्यात नीट झाला नाही तर कॅमेरा भंगारात, आणि तुझे हे उद्योग कायमचे बंद."

चूक काल कळली. काचेची जागा मी रिकामी ठेवली होती. तिथे तेवढ्याच जाडीची साधी काच हवी, नाहीतर फोकस सरकतो. मी वालीवला एका कारखान्यात चष्म्याच्या काचा घासतो. सुट्टी झाल्यावर एक तुकडा घासला, अकरा वेळा मोजला.

आज दुपारी तो बसवला. साधा प्रकाश अडवून फक्त अवरक्त आत सोडायला लेन्सवर जुन्या, डेव्हलप केलेल्या कलर फिल्मच्या रोलचं काळं टोक चिकटवलं. दादासोबत शेजारच्या सिसिलमावशींच्या वाडीत गेलो आणि बटण दाबलं.

आकाश काळं, केळीची पानं दुधासारखी पांढरी, आणि सगळं स्पष्ट!

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो पाहून मावशी दचकल्या. "काय रे बाबा, माझ्या केळींना रोग लागला काय?"

दादा हसत सुटला. "मावशी, रोग याला लागलाय!" मग कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाला, "ठेव. आजपासून तुझा."

दहावीला मी विज्ञानातच नापास झालो होतो. तुम्हाला कुठली गोष्ट पुस्तकाआधी हातांना समजली?